सहा नंबर कुणी मागत नाही

क्लबच्या दुकानात जर्सीवर नाव आणि नंबर छापायचं काम ताई अकरा वर्षं करत होती. दुकान स्टेडियमच्या पूर्वेकडच्या स्टँडखाली. खिडकी नावालासुद्धा नाही, डोक्यावर काँक्रीटच्या पायऱ्यांची उतरती पाठ, आणि मागच्या कोपऱ्यात तिचं टेबल. टेबलावर गरम प्रेस. गिऱ्हाइकाने जर्सी पुढे केली की ताई ती पाटावर ताणायची, तळव्याने सुरकुती काढायची, मापपट्टी धरून अक्षरं मध्यावर लावायची, वर पातळ कागद टाकायची आणि झाकण दाबून पंधरापर्यंत मोजायची. जास्त मोजलं तर कापड चकाकतं, कमी मोजलं तर दुसऱ्या धुण्यात अक्षर सुटून येतं. अकरा वर्षांत तिची एकही जर्सी परत आली नव्हती.

दुकानात सगळे तिला ताईच म्हणत. मॅनेजर वयाने मोठा, टक्कल पडलेला, तोही ताईच म्हणायचा. गिऱ्हाइकांना मात्र पत्ता नव्हता, की ही बाई खरोखरच कुणाची तरी ताई आहे आणि तो कुणीतरी दर शनिवारी भिंतीपलीकडच्या मैदानात खेळतो.

आई गेली तेव्हा ताई सोळा वर्षांची होती आणि धाकटा पाच. वडील मालाची लॉरी चालवायचे. आठवड्यातले चार दिवस त्यांचं अंथरूण घडी केलेलंच असायचं. ताईने शाळा सोडली आणि कपड्यांच्या उंच्या कमीजास्त करणाऱ्या एका शिंपिणीकडे कामाला लागली. धाकट्याला सरावाला न्यायला दोन बस बदलाव्या लागत. हिवाळ्यात मैदानाच्या कडेच्या बाकावर बसून ती लोकांच्या पँटींना हातशिलाई घालायची आणि मधून मधून मान वर करून बघायची. बाकीची पोरं चेंडूच्या मागे मधमाश्यांसारखी धावायची. धाकटा धावायचा नाही. जिथे चेंडू अजून आलाच नव्हता अशा एखाद्या रिकाम्या जागी जाऊन उभा राहायचा, आणि थोड्या वेळाने चेंडू बरोबर तिथेच यायचा.

"याला कसं कळतं हो?" तिने एकदा कोचला विचारलं.

"कळतं खरं," कोच म्हणाला. "पण बघणाऱ्याला कळत नाही की याला कळतं. तेवढा एक घोळ आहे."

तो घोळ पुढे जन्माला पुरला. धाकटा मोठा झाला, व्यावसायिक खेळाडू झाला, याच क्लबच्या पहिल्या संघात आला आणि सात मोसम सहा नंबरची जर्सी घालून मधल्या फळीत खेळला. मधल्या फळीतसुद्धा पुढे घुसून गोल करणारा नव्हे, तर बचावाच्या पुढ्यात उभा राहून समोरच्याचा डाव मोडणारा. पास कापायचा, चेंडू काढून घ्यायचा, दोन पावलांत शेजारच्याला द्यायचा आणि पुन्हा आपल्या जागी. एका मुलाखतीत आताच्या कोचने कौतुकाने सांगितलं, "हा सगळ्यांच्या मागचा पसारा आवरतो." दुसऱ्याच शनिवारी स्टँडमधून कुणीतरी ओरडलं, "झाडू!" झालं. तेव्हापासून तो झाडू. बाकीच्यांची नावंही लोकांनीच ठेवलेली, पण ती कशी, तर नऊ नंबरचा आघाडीवीर म्हणजे तोफ. गोलकीपर म्हणजे भिंत. डोक्यावर केसांचा रंगीत झुपका वाढवलेला अकरा नंबरचा, तो तुरा. तोफ, भिंत, तुरा, आणि झाडू! ताईला ते नाव ऐकलं की कानात खडा गेल्यासारखं व्हायचं.

ताईचा नवरा इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. फुटबॉलमध्ये त्याला रस नव्हता, पण बायकोची धुसफूस रोज जेवताना ऐकावी लागायची.

"अगं, माझंही तेच आहे," तो म्हणायचा. "लिफ्ट चालू असते तोवर मला कुत्रं विचारत नाही. बंद पडली की अख्ख्या इमारतीला माझा नंबर तोंडपाठ."

"तुझं बरं आहे," ताई म्हणायची. "तुझ्या शेजारी उभं राहून कुणी तोफ म्हणून मिरवत नाही."

सामना चालू असताना ताईला मैदान दिसायचं नाही, नुसतं ऐकू यायचं. डोक्यावरच्या पायऱ्यांवर हजारो पावलं. तोफेने गोल केला की छत थरथरायचं, दिव्याभोवतीची धूळ टेबलावर पडायची आणि ताई झटकन जर्सीवर कागद ओढायची. भिंतीने गोल अडवला की मोठा हुंकार. तुऱ्याने दोघांना चकवलं की हशा आणि टाळ्या. धाकट्याच्या कामाला आवाजच नव्हता. त्याने काही केलं, की वर काहीच व्हायचं नाही. आणि काहीच होऊ न देणं हेच तर त्याचं काम होतं. दुसऱ्या दिवशी रविवारी ताई घरी अख्खा सामना पुन्हा लावून बघायची. बटण दाबून थांबवायची, मागे न्यायची, नवऱ्याला हाक मारायची. "हे बघ, हे बघ, इथे याने मागे वळून बघितलं. दोनदा बघितलं. आता बघ तो कुठे जातो." नवरा बघायचा, मान डोलवायचा आणि हळूच वर्तमानपत्र उघडायचा.

टेबलाखाली नंबरांचे खण होते. नऊचा खण दर आठवड्याला भरावा लागायचा. सातव्या मोसमात तर या नऊने तिच्या खरोखरच नाकी नऊ आणले होते. एकचा आणि अकराचा खण महिन्याला भरायचा. सहाच्या खणात दोन वर्षांपूर्वी आलेला गठ्ठा जवळजवळ तसाच होता, वरच्या कागदी पट्टीसकट.

एकदा एक म्हातारे गृहस्थ आले. कोट नीट झटकलेला, हातात लहान मापाची जर्सी. म्हणाले, "सहा नंबर टाका."

ताईच्या हातातली मापपट्टीच खाली पडली. "सहा? नक्की सहा ना? आणि नाव काय टाकू?" तिने नावाची अक्षरं काढायला खण उघडलासुद्धा.

"नाव नको हो. नातीला सहावं लागलंय. पुढच्या वर्षी सात टाकून देता येईल का यावरच?"

ताईने नुसता सहा छापला. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि मग तिचा चेहरा बघून त्याने पाण्याचा पेला तोंडाला लावला.

त्या मोसमाच्या शेवटी शेवटी शेजारच्या शहराच्या संघाशी सामना होता. सकाळपासून दुकानाची रांग फाटकापर्यंत गेली होती आणि ज्याला त्याला नऊ हवा. साडेअकराला नऊचा खण रिकामा झाला. माल आणणारी गाडी रस्त्यातच कुठेतरी बंद पडली होती. रांगेतून आरडाओरडा सुरू झाला. मॅनेजर घाम पुसत मागे आला आणि एकेक खण ओढून बघायला लागला.

"ताई, सहा तर गठ्ठ्याने पडलेत."

"ते सहा आहेत," ताई म्हणाली.

"मग उलटे लावा ना. नऊच होतो. इंग्रजी आकड्याचा हा एक फायदा आहे."

"साहेब, तो माझ्या भावाचा नंबर आहे."

"अहो, म्हणून तर शिल्लक आहे," मॅनेजर म्हणाला आणि लगेच त्याने जीभ चावली. माणूस वाईट नव्हता. पण तोंडातून गेलं ते गेलं, आणि रांग काही मागे हटणार नव्हती. "ताई, माझ्यासाठी. आजच्या दिवस."

ताईने गठ्ठ्याची पट्टी फाडली. पहिला सहा हातात घेतला, उलटा केला, जर्सीच्या पाठीवर ठेवला आणि वर तोफेचं नाव लावलं. झाकण दाबून मोजायला लागली तर सातच्या पुढे आकडेच आठवेनात. पुन्हा एकपासून सुरुवात केली, आणि त्या एका जर्सीला चकाकी आली ती आलीच. गिऱ्हाइकाने काही पाहिलं नाही. दुपारी दोनपर्यंत तिने बावन्न सहा उलटे केले. एक कॉलेजातली मुलगी जर्सी उजेडात धरून म्हणाली, "काकू, हा नऊ जरा तिरका वाटतो का हो?"

"उलटा आहे," ताई म्हणाली.

मुलीला तो विनोद वाटला. हसून गेली.

त्या दिवशी संघ एक-शून्य जिंकला. गोल तोफेचा. छत इतकं हादरलं की भिंतीवरचं घड्याळ वाकडं झालं. रविवारी ताईने सामना लावला तेव्हा तिला दिसलं, की तो गोल मुळात धाकट्याच्या पायातून निघाला होता. समोरचा संघ तिघांनिशी धावून येत होता. धाकटा अर्धं मैदान मागे पळाला, घसरत जाऊन चेंडू काढला, पडताक्षणीच उठला आणि लांब पास दिला. तोफेने तो पुढे नेऊन मारला. पण टीव्हीवाल्यांनी गोल पुन्हा पुन्हा संथ करून दाखवला तो तोफेच्या पायात चेंडू आल्यापासून. नऊ वेळा दाखवला. एका कोनातून सुरुवातीला क्षणभर धाकट्याचा बूट दिसत होता. फक्त बूट. वर्तमानपत्रात मथळा होता, 'तोफ धडाडली'. धाकट्याचं नाव खाली एका ओळीत: सत्तेचाळिसाव्या मिनिटाला धसमुसळ्या खेळाबद्दल ताकीद.

ताईचं डोकं फिरलं. क्लब दर महिन्याला चाहत्यांचं मत घ्यायचा, 'महिन्याचा लाडका खेळाडू' म्हणून. ज्याचा त्याचा फोन, एका फोनला एक मत, आणि पहिल्या तिघांचा पुढच्या सामन्याआधी मैदानात सत्कार. सात मोसमांत धाकटा कधी पहिल्या दहातसुद्धा आला नव्हता. सोमवारी ताईची सुट्टी. ती सकाळीच बाहेर पडली. शिंपिणीच्या दुकानातल्या सगळ्या बाया, धोबी, दाताची डॉक्टरीण आणि तिच्याकडे तोंड उघडून बसलेले दोन पेशंट, इमारतीतले सगळे मजले, नवऱ्याच्या कामावरचे लिफ्टवाले आणि ते ज्या ज्या इमारतीत जात तिथले पहारेकरी. "फोन द्या जरा," ती म्हणायची आणि स्वतःच बटण दाबून द्यायची. ज्यांना फुटबॉल आणि हॉकीतला फरक कळत नव्हता त्यांनीही मत दिलं. मंगळवारी आणि बुधवारी ती दुकान सुटल्यावर फिरली. पायाला फोड आले. कुणी विचारलं, "एवढं काय आहे या माणसात?" तर ती भाऊ म्हणून सांगायची नाही. म्हणायची, "तो नसेल ना, तर बाकीचे उघडे पडतील."

गुरुवारी निकाल लागला. तोफ पहिला, तुरा दुसरा, आणि तिसरा धाकटा.

शनिवारी सामन्याआधी तिने मॅनेजरकडून दहा मिनिटं मागून घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदाच सत्कार बघायला जिना चढून वर गेली. तोफेचं नाव पुकारलं, स्टँड उसळला. तुऱ्याचं पुकारलं, शिट्ट्या. मग धाकट्याचं पुकारलं. आधी क्षणभर कुणालाच कळेना. मग एक हसला, मग दहा, मग साऱ्या स्टँडने ताल धरला, "झाडू! झाडू!" द्वेष नव्हता त्यात. मजा होती, आणि तेच वाईट होतं. धाकटा मान खाली घालून चालत आला, काचेची ढाल घेतली, फोटोला उभा राहिला. फोटोवाल्याने त्याला जरा बाजूला सरकायला सांगितलं. ताई चार पायऱ्या उतरून मध्येच थांबली आणि कठडा धरून उभी राहिली.

रविवारी सकाळी धाकटा तिच्या घरी आला. बायकोला आणलं नव्हतं. चप्पल काढायच्या आतच त्याने विचारलं, "ताई, खरं सांग. मतं तू गोळा केलीस?"

"बस तरी आधी. चहा टाकते."

"केलीस की नाही?"

"केली. कुणाची चोरी केली का? माणशी एक मत, खरीखुरी माणसं."

"क्लबच्या ऑफिसातल्यांनी बघितलं. सगळी मतं तीन दिवसांत, तुझ्या घराच्या आजूबाजूची. दाताच्या दवाखान्यातून पाच. ड्रेसिंगरूममध्ये तुऱ्याने बुटांच्या खोक्याला भोक पाडून ठेवलंय, वर लिहिलंय, 'ताईंनी इथे मत टाकावे.'"

"तो तुरा! त्याच्या डोक्यावर झुपका नसता तर त्याच्या आईने तरी त्याला ओळखलं असतं का?"

"ताई!"

"मग काय करू मी?" ताईचा आवाज चढला. "बावन्न जर्सी छापल्या मी त्या दिवशी. तुझे नंबर उलटे करून! या हातांनी! आणि तू? तुला काही वाटतच नाही. वर्षानुवर्षं तेच ऐकतेय, मला काही फरक पडत नाही, मी माझं काम करतो. मग मी तरी कुणासाठी जळते?"

धाकटा खुर्चीत बसला. नवरा स्वयंपाकघराच्या दारात कप घेऊन आला होता, तो तसाच मागे फिरला.

"वाटतं," धाकटा म्हणाला.

"काय?"

"सगळं वाटतं. रोज सकाळी उठलो की आधी फोन बघतो. तोफेचे चाहते किती, तुऱ्याचे किती, माझे किती. दुसरा गोलकीपर आहे ना, अजून एक सामना खेळलेला नाही. त्याचे माझ्या चौपट आहेत. का, तर त्याने कुत्रा पाळलाय. कुत्र्याचे फोटो टाकतो."

"मग तूही टाक काहीतरी."

"टाकला होता. बाल्कनीतल्या लिंबाच्या झाडाचा. एकशे अकरा जणांनी बघितला. त्यातली एक तू."

ताईला हसू आलं, आणि त्याच्याबरोबर डोळ्यांत पाणीही. इतकी वर्षं तिला वाटत होतं की ही आग तिच्या एकटीच्या पोटात आहे. धाकटा सगळ्याच्या पलीकडे गेलेला, शहाणा. तो शहाणा नव्हता. तो फक्त गप्प होता.

"पण माझं हसं तरी होत नव्हतं गं," तो म्हणाला. "मी चौदावा होतो, खराखुरा चौदावा. तू मला खोटा तिसरा केलंस."

चहा निवला. जाताना त्याने दारात तिच्या खांद्यावर हात ठेवला, पण नीट बोलला नाही, आणि पुढचे दोन आठवडे फोन केला नाही.

मोसम संपल्यावर त्याचा करार संपत होता. क्लबचं ऑफिस दुकानाशेजारच्या जिन्याने वर. एका दुपारी तो तिकडून उतरून थेट दुकानात आला आणि ताईच्या टेबलापाशी उभा राहिला. हातात पाकीट.

"नाही म्हणाले," तो हळू आवाजात म्हणाला. "म्हणे, तुमच्या खेळाबद्दल तक्रार नाही. पण तुम्हाला बघायला म्हणून कुणी तिकीट काढत नाही. कागदच दाखवला. तेवीस जणांची यादी, लोकप्रियतेची. मी चौदावा."

"आणि कोच? कोच काय म्हणाला?"

"कोच खिडकीतून बाहेर बघत होता."

ताईने काही बोलायला तोंड उघडलं, तोच मागून एक बाई पुढे आली. अंगात नऊ नंबरची जर्सी, हातात आणखी एक. धाकट्याला म्हणाली, "तुम्ही रांगेत आहात का? नसाल तर जरा बाजूला व्हाल?"

सात मोसम. ज्या माणसाला तिने दर शनिवारी बघितलं असणार, त्याच्या तोंडाकडे बघून ती बाई हे विचारत होती.

"रांगेत नाही," धाकटा म्हणाला आणि बाजूला झाला.

उन्हाळ्यात तो बायकोबरोबर पाच तासांवरच्या एका लहान गावी गेला. तिथला क्लब खालच्या दर्जाचा, मैदानाला एकाच बाजूला स्टँड, दुकान नाहीच. ताईने त्यांच्या सामानाच्या खोक्यांवर जाड अक्षरांत नावं लिहून दिली, आणि गाडी वळणाआड गेल्यावर नवऱ्याला म्हणाली, "आता बघ. आता कळेल यांना."

ती वाट बघत राहिली. तिला खात्री होती. नवा मोसम सुरू झाला आणि तिचं म्हणणं दोन महिन्यांच्या आत खरं ठरलं. पहिल्या सातपैकी पाच सामने संघ हरला. सहा नंबरवर आणलेला नवा खेळाडू दिसायला देखणा, पायात कसबही होतं, पण तो चेंडूच्या मागे धावायचा. त्याच्या पाठीमागे मोकळं रान पडायचं आणि समोरचे त्यातून सुसाट यायचे. ताई रविवारी टीव्हीवर बोट ठेवून दाखवायची, "इथे! इथे उभा असायचा तो!"

पण कळलं कुणालाच नाही. वर्तमानपत्रांनी लिहिलं, भिंतीला तडे गेले. स्टँडमध्ये भिंतीच्या नावाने शिव्या सुरू झाल्या. कुणी म्हणालं तोफ थंडावली, त्याचं लग्न ठरलंय, लक्ष नाही. कुणी कोचला घालवा म्हणालं. दुकानातल्या रांगेत रोज नवा निदानकर्ता. ताई पंधरा मोजता मोजता ऐकायची. एकदा तिला राहवलं नाही. एका जाड्या गृहस्थाने भिंतीला म्हातारा म्हटलं, तशी ती म्हणाली, "अहो, त्याच्यापुढे कोण उभं असायचं ते आठवतं का?"

गृहस्थाने कपाळाला आठ्या घालून बघितलं. "कोण?"

"सहा नंबर. गेल्या वर्षीचा."

"हां, तो... काय म्हणायचे त्याला... झाडू! तो गेला काय? बरं झालं. नुसता आडवे पास द्यायचा."

ताईने त्याची जर्सी छापली. सरळ, स्वच्छ, मापात. हाताने बेइमानी करायला तिला जमत नव्हतं, नाहीतर त्या दिवशी केली असती.

मग एक दिवस तोफ दुकानात आला. जर्सींवर सह्या करायचा कार्यक्रम होता. बाहेर माईक लावलेला, रांग जमलेली. कार्यक्रमाला वेळ होता म्हणून त्याला मागे ताईच्या कोपऱ्यात बसवलं. जवळून तो खूपच तरुण दिसत होता आणि दमलेला. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, "तुम्ही त्याच्या ताई ना? कसा आहे तो?"

"बरा आहे," ताई तुटकपणे म्हणाली.

"ताई, एक सांगू?" तोफेने स्टूल पुढे ओढलं. "गेल्या वर्षी मी पाठ करून उभा असलो तरी चेंडू माझ्या पायात यायचा. मला वाटायचं, मीच जागा चांगली धरतो. आता मी त्याच जागी उभा राहतो, तसाच, आणि काही येतच नाही. आत्ता कुठे कळतंय. तो मला शोधायचा."

ताईच्या हातातलं अक्षर हातातच राहिलं. बारा महिने, नाही, आठ वर्षं ती हे वाक्य कुणाच्या तरी तोंडून ऐकायला आसुसलेली होती, आणि ते आलं ते याच्या तोंडून.

"मग हे बाहेर सांगा ना," ती म्हणाली. "आत्ताच सांगा. माईक आहे, पेपरवाले आलेत."

तोफेने नजर खाली घातली. "सांगितलं असतं हो. पण नवा मुलगा बिचारा आधीच शिव्या खातोय. आणि ऑफिसला वाटेल मी त्यांची चूक काढतोय. माझाही करार याच वर्षी आहे."

"म्हणजे मला एकटीला सांगता."

"तुम्हाला माहीत असावं म्हणून."

"मला माहीतच होतं!" ताई म्हणाली.

बाहेरून बोलावणं आलं. तोफ उठला, केसांवरून हात फिरवला, आणि दारातून बाहेर पडता पडता त्याचा चेहरा फोटोतल्यासारखा झाला. माईकवर कुणीतरी विचारलं, गोल का होत नाहीत? ताई कापडाचा पडदा बाजूला करून ऐकत उभी राहिली. तोफ म्हणाला, "मी मेहनत करतोय. तुमचं प्रेम असंच राहू द्या." टाळ्या झाल्या. त्या दिवशी नऊचा खण दोनदा भरावा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई कामावर जायला बसथांब्यावर उभी होती तेव्हा धाकट्याचा फोन आला. आता तो आठवड्यातून दोनदा करायचा. नव्या गावात बरं चाललंय म्हणाला. घराचं छत गळतं. परवाचा सामना बरोबरीत सुटला. बघायला किती होते? मोजता आले असते, म्हणाला. बायकोला शाळेत नोकरी मिळाली.

ताईने ठरवलं होतं, तोफेचं बोलणं त्याला सांगायचं नाही. चोरून केलेलं कौतुक, त्याचं काय लोणचं घालायचं? उगाच त्याला लागेल. पण तो छताबद्दल बोलत राहिला आणि तिच्याने धीर धरवेना.

"काल तोफ आला होता दुकानात," ती म्हणाली, आणि सगळं सांगून टाकलं. माईकचंही सांगितलं.

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"हॅलो?"

"आहे, आहे," धाकटा म्हणाला. "पुन्हा सांग. त्याच्याच शब्दांत सांग."

"म्हणाला, मी पाठ करून उभा असलो तरी चेंडू पायात यायचा. मला वाटायचं मीच जागा चांगली धरतो. आता कळतंय, तो मला शोधायचा."

"'शोधायचा' म्हणाला, का 'द्यायचा' म्हणाला?"

"शोधायचा."

"नक्की?"

"अरे, नक्की. माझ्यासमोर स्टुलावर बसून म्हणाला."

"आणि अजून कोण होतं तिथे?"

"कुणी नाही. मी एकटी."

"मॅनेजरसुद्धा नव्हता?"

"नव्हता रे."

धाकट्याने मोठा श्वास सोडला तो तिला ऐकू आला. बस आली, दार उघडलं, ड्रायव्हर तिच्याकडे बघत थांबला.

"बरं, पहिल्यापासून सांग," धाकटा म्हणाला. "तो आला, स्टूल ओढलं, मग?"

ताईने ड्रायव्हरला हातानेच पुढे जायची खूण केली, बाकावर बसली आणि पहिल्यापासून सांगायला लागली.